साहेबांनी वाचवलेलं मूल

शनिवार, १७ फेब्रुवारी २०१८

नऊ वर्षांनी आज टॉलिव्हर साहेबांचं नाव घरात निघालं आणि माझी भूकच मेली. कोळंबीचं कालवण केलं होतं, नवऱ्याच्या आवडीचं. एडवर्ड मात्र मजेत जेवला.

वेंडेल टॉलिव्हर म्हणजे आमच्या जुन्या कंपनीचे जनरल मॅनेजर. तेलविहिरींना लागणारे पंप आणि व्हॉल्व्ह विकायची कंपनी ती. आठ वर्षं मी त्यांची सेक्रेटरी होते. २००९ मध्ये ते अमेरिकेला परत गेले, पुढे कंपनीही बंद झाली आणि मी शाळेच्या ऑफिसात लागले. संपलं, असं मी धरून चालले होते. तर आता साहेब तिकडच्या संसदेच्या निवडणुकीला उभे राहिलेत. त्यांच्या संसदेलाच काँग्रेस म्हणतात. आमच्या धाकट्या सॅव्हियोला वाटलं, आपली काँग्रेस. साहेबांच्या प्रचाराच्या ऑफिसातल्या एका मुलीला माझ्याशी बोलायचंय. "साहेब तुमची आठवण फार काढतात," असा तिचा निरोप.

निरोप आला तो एडवर्डच्या फोनवर. त्याचा नंबर तिच्याकडे कसा, म्हणून विचारलं तर म्हणाला, "अगं, फेसबुकवर सगळं मिळतं." असेल.

मी म्हटलं, "मला नाही बोलायचं."

"आठ वर्षं पगार खाल्लास त्यांचा."

"त्यांचा नाही. अर्बाब हसनचा."

अर्बाब म्हणजे मालक. कंपनी हसन यांची होती, इथल्याच ओमानी माणसाची. साहेबही माझ्यासारखेच पगारी, फक्त केबिनमधले.

एडवर्डने कोळंबीचं शेपूट बाजूला काढलं आणि म्हणाला, "पोरीचा विचार कर, रोशेलचा." साहेबांच्या गावच्या ख्रिस्ती कॉलेजात नर्सिंग शिकवतात आणि साहेब तिथे मंडळावर आहेत. हीही माहिती त्याने आधीच काढून ठेवली होती.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

शुक्रवारच्या सुट्टीचा मिस्सा आटपून चर्चमधून आल्यावर रोशेलने साहेबांची वेबसाइट उघडून दिली. बारावीची परीक्षा तोंडावर आलीय, पण पोरीला असल्या गोष्टींत भारी रस.

आधी त्यांची जीवनकथा. छोट्या गावात जन्म, वडलांचं शेतीच्या अवजारांचं दुकान. रविवारी मुलांना बायबल शिकवतात. एकाच बायकोबरोबर चौतीस वर्षं संसार. ते खरं आहे. बाई चांगली होती, मला दर नाताळला साबणांचा डबा द्यायची. पुढे लिहिलंय, "अरबस्तानच्या वाळवंटात अकरा वर्षं राहून शून्यातून, स्वतःच्या दोन हातांनी कंपनी उभी केली." दोन हातांनी! ते हात मी आठ वर्षं पाहिलेत. स्टेपलर अडकला तरी मला हाक मारायचे. आणि वाळवंट कसलं, राहायला होते कुरुमला, समुद्रासमोर.

मग त्यांची मतं. गर्भातलं मूल पहिल्या दिवसापासून माणूस, त्याला कुणी हात लावायचा नाही. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई. ज्याची बंदूक त्याच्या घरात. कर कमी. सीमेवर भिंत. बाहेरून कामाला येणाऱ्यांचे व्हिसा तोडायचे, काम आधी आपल्या लोकांना. शरियत अमेरिकेत पाय ठेवू देणार नाही. सरकारने लोकांच्या औषधपाण्यात नाक खुपसायचं नाही.

खरं सांगायचं तर यातल्या अर्ध्यावर मी स्वतः सही केली असती. मी काही नव्या विचारांची बाई नाही. आधी आपल्या लोकांना काम, हे इथलं सरकारही म्हणतं. जानेवारीपासून कितीतरी कामांचे नवे व्हिसा बाहेरच्यांना बंद झालेत. राग येतो, पण समजतं. ज्याच्या घरी आपण जेवतो, त्याची पोरं आधी जेवणारच.

पण पहिलंच मत वाचताना अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्या ओळींच्या शेजारी साहेबांचा फोटो आहे, तान्हं बाळ हातात घेतलेला. ते बाळ सॅव्हियो आहे.

"मम्मी, हा तर आपला सॅव्ही!" रोशेल हसायला लागली. मग म्हणाली, "आणि हे म्हणतात, फॉरेनर्स नकोत. मग मला कसे बोलावणार?"

मी लॅपटॉप मिटला आणि हात साबणाने धुतले. उगाचच.

शनिवार, २४ फेब्रुवारी

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. एडवर्डलाही नाही. निदान इथे तरी लिहून टाकते.

२००६ सालचा एप्रिल. रोशेल सहा वर्षांची होती आणि मला पुन्हा दिवस गेले होते. ऑफिसात कुणालाच बोलले नव्हते. एका बुधवारी साहेबांनी आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. त्यांनी कसं ओळखलं देव जाणे. सकाळी दोनदा वॉशरूमकडे पळाले होते, त्यावरून असेल.

म्हणाले, "मॅगी, हे वर्ष यासाठी बरं नाही. तुम्हा लोकांसाठीही नाही." मुंबईला जाऊन यायचं, दोन दिवसांचं काम. तिकीट कंपनी देईल, रजा आजारपणाची लावू. आणि नाहीच जमलं तर पुढे ही जागा ठेवता येईल असं सांगता येत नाही. हे बोलताना ते टेबलावरच्या कॅलेंडरची पानं उलटत होते, कुठला आठवडा सोयीचा ते बघायला. मग पेन्सिलीने एका तारखेभोवती गोल केला. एखादा माल कस्टममधून सोडवायचा असावा, तसा.

बाहेर येऊन मी झेरॉक्स मशीनपाशी उभी राहिले. अर्बाब हसन चेकवर सह्या करायला आले होते. त्यांनी हिंदीत विचारलं, "क्या हुआ?" माझ्या तोंडून एवढंच निघालं, की बाळ येणार आहे आणि नोकरी जाणार आहे. ते उठले, साहेबांच्या केबिनच्या दारात उभे राहिले, आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "या बाईची खुर्ची या बाईचीच राहील. पोटातल्याचं अन्न देणारा अल्ला. तू नाही आणि मी नाही."

साहेब हसले. म्हणाले, ऑफ कोर्स, ऑफ कोर्स.

नोव्हेंबरात सॅव्हियो झाला. साहेब फुलं घेऊन हॉस्पिटलात आले, बाळाला उचलून फोटो काढून घेतला. तोच हा फोटो.

एडवर्डला तेव्हा सांगितलं नाही, कारण त्याच्या हॉटेलात माणसं कमी करत होते आणि तो आधीच खचला होता. शिवाय तो साहेबांच्या अंगावर धावून गेला असता.

शनिवार, १० मार्च

बोलले शेवटी. लाज वाटते लिहायला.

व्हिडिओ कॉल होता. मुलगी गोड, सारखी "बिचाऱ्या तुम्ही" म्हणत होती. एडवर्डने मला लग्नातली साडी नेसायला लावली आणि भिंतीवरचा क्रूस माझ्या डोक्यामागे येईल अशी खुर्ची सरकवली. तो कॅमेऱ्याच्या बाहेर, पण मला लागून बसला होता.

मुलगी म्हणाली, साहेब ही गोष्ट प्रत्येक सभेत सांगतात, लोक रडतात. कुठली गोष्ट? तर म्हणे, मुस्लिम मालकाने तुम्हाला मूल पाडायला सांगितलं होतं, नाहीतर देश सोडून जा म्हणाला होता, आणि साहेब त्याच्यासमोर उभे राहिले. एका ख्रिस्ती आईसाठी आणि तिच्या बाळासाठी.

मी एडवर्डकडे पाहिलं. तो स्क्रीनकडे बघत होता. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता, त्याने तो दाबला.

मी म्हटलं, "सर वॉज व्हेरी काइंड टू मी. माय सन इज गॉड्स गिफ्ट."

बस्स, एवढंच. खोटं असं काही बोलले नाही, असं दिवसभर स्वतःला समजावतेय. पण 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? साहेब काइंड! जीभ खरवडून काढावीशी वाटते.

रविवार, १ एप्रिल. ईस्टर

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर अंगणातही माणसं उभी. आमच्या इथे रुवीत इतकी वर्षं सरकारने दिलेल्या जमिनीवर उघड घंटा-गाणी-मिस्सा चाललीय आणि तिकडे साहेब माझ्या डोक्यामागचा क्रूस दाखवून काय सांगतात कोण जाणे.

परतताना एडवर्डला म्हटलं, "त्या मुलीला सांगून टाकते की गोष्ट खोटी आहे."

"जुनं उकरून काय मिळणार?" तो म्हणाला. "रोशेलचा अर्ज जाऊ दे आधी."

मी त्याला जुनं काही सांगितलेलंच नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आत्ता लिहिताना आलं. त्या मुलीने सांगितलेल्या गोष्टीबद्दलच म्हणत असेल.

शनिवार, १९ मे

रमजानचा तिसरा रोजा. समोरच्या फ्लॅटमधली जमिला रोज रोजा सोडायच्या आधी आमच्याकडे ताट पाठवते, गेली कित्येक वर्षं. दापोलीकडची आहे. तिच्या नवऱ्याचं, महमूदचं, रुवीत कापडाचं दुकान आहे, अर्बाब हसन यांच्याच इमारतीत.

आज ताट आलं नाही. जमिला आली, हातात फोन घेऊन.

"मॅगी, हे काय गो?"

स्क्रीनवर मी. लग्नातली साडी, मागे क्रूस, खाली रडका पियानो. मोठ्या अक्षरांत, "मूल पाड नाहीतर देश सोड: मुस्लिम मालकाचा हुकूम." मग साहेब, छातीवर हात ठेवून, "मी त्या दारात उभा राहिलो." मग पुन्हा मी, व्हेरी काइंड. शेवटी सॅव्हियोचा फोटो आणि साहेबांच्या नावापुढे टिकमार्क.

दारात उभे राहिले होते ते अर्बाब. साहेबांनी दारसुद्धा चोरलं.

"आमचे मालक असं बोलले होते?" जमिलाने विचारलं.

"नाही गं. उलट झालं होतं." मी सगळं सांगितलं. तिने उभ्यानेच ऐकलं.

"मग तू गप कशाला बसलीस?"

मी तिला बसायला खुर्ची पुढे केली.

"रोजा आहे माझा," ती म्हणाली. "नाहीतर थुंकले असते." कुणावर, ते तिने सांगितलं नाही.

सोमवार, २१ मे

परवाच त्या मुलीला मेल लिहिला होता. मालकांनी असं काही सांगितलं नाही, ते सांगणारे तुमचे साहेबच, व्हिडिओ काढून टाका. रोशेलने इंग्रजी नीट करून दिलं. तेव्हाच तिला सगळं कळलं. मेल पाठवून ती म्हणाली, "यक्."

आज उत्तर आलं. "प्रिय मॅगी, तुमच्यावर तिथे केवढा दबाव असेल हे आम्ही समजू शकतो. तुम्हाला हे लिहायला कुणी लावलं ते सांगायची गरज नाही. आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय."

तीनदा वाचलं. मी खोटं बोलले की ती साक्ष, आणि खरं बोलले की दबाव. गटारात पाय पडावा आणि काढायला जावं तर दुसराही रुतावा, तसं झालंय.

बुधवार, २३ मे

उमेदवार ठरवायची पक्षातली पहिली फेरी साहेब जिंकले. एडवर्ड हॉटेलातून केक घेऊन आला. "नोव्हेंबरातली निवडणूकही आता नक्की समज," म्हणाला. "रोशेलचं काम झालं."

सॅव्हियोने दोन तुकडे खाल्ले. मला क्रीमचा वास सहन होईना.

शुक्रवार, २५ मे

अर्बाब हसन यांना भेटून आले.

जमिला परवा पुन्हा दारात आली होती. "आम्ही शुक्रवारी बरक्याला जातोय, मालकांना भेटायला. चल. तोंडाने सांग त्यांना." मी एडवर्डला शाळेतल्या नयनाकडे जाते म्हणून सांगितलं. का, ते माहीत नाही.

महमूदने गाडी चालवली. अख्ख्या रस्त्यात तो फक्त ऊन फार आहे म्हणाला. अर्बाब आता बरक्याला खजुराच्या बागेत राहतात. साखरेने पाय गेलाय, मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, भिंतीला टेकून बसले होते. नातवाने त्यांना व्हिडिओ दाखवला होता. मी आत गेले आणि रडायलाच लागले.

त्यांनी हाताने मला थांबवलं. "खलास. बच्चा कैसा है?"

"अच्छा है, अर्बाब. छठी में है."

"नमाज... तुम्हारा चर्च जाता है?"

"जाता है."

"बस." मग म्हणाले, टॉलिव्हर माझ्याकडे कामाला होता तेव्हाही गोष्टी सांगायचा. विकलेले पंप दहा असले की वीस सांगायचा. मी ऐकून घ्यायचो, कारण निम्मे तरी खरे असायचे. असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, मी उघडपणे खरं सांगणार आहे, व्हिडिओ करून. त्यांनी मान हलवली. तुझी मर्जी, म्हणाले. माझी इज्जत अमेरिकेत ठेवलेली नाही.

मग सहज आठवल्यासारखं म्हणाले, "तेरा आदमी अच्छा है? उस दिन वो भी आया था. तुझसे पहले टॉलिव्हर के कमरे में बैठा था. मैं नीचे गाडी से उतरा तो बाहर निकल रहा था. मैंने सोचा, बीवी के लिए लड़ने आया है. मैंने बोला, शाबाश."

जमिला माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हां, अर्बाब. अच्छा है."

अजान झाली. त्यांनी मला खजूर दिला, मी तो तोंडात धरून बसले. परतीच्या वाटेवर जमिलाने महमूदला मागे बघू दिलं नाही आणि माझा हात हातात ठेवला.

शनिवार, २६ मे

रोशेलचा निकाल लागला, छान लागला. दोघं भावंडं आइस्क्रीम आणायला गेली. एडवर्ड सिंकपाशी सुरमई धूत होता.

"त्या बुधवारी तू साहेबांकडे कशाला गेला होतास?"

नळ चालूच राहिला. "कोणी सांगितलं?"

कोणता बुधवार, असं त्याने विचारलं नाही. बारा वर्षांपूर्वीचा बुधवार, आणि कोणता असं विचारावंसुद्धा लागलं नाही.

मग तो बोलायला लागला. मी वॉशरूममध्ये होते तेव्हा तो साहेबांकडे जाऊन आला होता. हॉटेलात त्याला नोटीस मिळाली होती, मला बोलला नव्हता. एका खोलीत आम्ही तिघं. त्यात दुसरं मूल, आणि माझी नोकरी सुटली तर गावी परत. "तुला सांगायची माझी हिंमत नव्हती, मॅगी. तुझा देवधर्म मला ठाऊक. वाटलं, साहेबाने सांगितलं तर ऐकशील. नोकरीच्या भीतीने तरी ऐकशील."

"म्हणजे नोकरीची भीती घालायची, हे तुझं डोकं?"

"साहेब म्हणाले, मी बघतो."

"आणि आता? ही गोष्ट?"

"अर्बाबचं नाव साहेबांनीच घातलं, देवाशपथ. त्या मुलीच्या निरोपाआधी त्यांचा मला फोन आला होता. मी फक्त..." त्याने नळ बंद केला. "मला वाटलं, बरंच आहे. या गोष्टीत मी कुठे नाही."

साहेबांनी कॅलेंडरवर गोल काढला, तो माझ्या नवऱ्याच्या सांगण्यावरून. आणि मी वेडी, तो साहेबांच्या अंगावर धावून जाईल म्हणून गप्प बसले होते.

बाहेरच्याची किळस आली तर माणूस थुंकून मोकळा होतो. याचं काय करू? याच हातांनी त्याने सॅव्हियोला सायकल शिकवली, ताप आला की रात्ररात्र मांडीवर घेतलं. तेही खोटं नव्हतं. मी पाहिलंय. म्हणून जास्त शिसारी येते. ती सुरमई मी केली नाही. पोरांना अंडी दिली. रोशेलच्या खोलीत झोपते आता.

रविवार, ३ जून

व्हिडिओ केला. रोशेलने फोन धरला. यावेळी साधा पंजाबी ड्रेस आणि मागे नुसती भिंत. इंग्रजीतून सांगितलं की मूल नको म्हणणारे मिस्टर टॉलिव्हर, आणि माझी खुर्ची राखणारे अर्बाब हसन. इथे मी दर शुक्रवारी उघडपणे चर्चला जाते. कुणी माझ्यावर दबाव आणलेला नाही.

एडवर्ड आतल्या खोलीत होता. दार थोडं उघडं होतं.

"दॅट्स ऑल?" रोशेलने विचारलं. "सगळं सांगितलंस ना?"

"सगळं," मी म्हटलं.

ती म्हणाली, त्या कॉलेजचा अर्ज तिने परवाच मागे घेतलाय. मंगळूरला नर्सिंग करीन, तिथे निदान मासे मिळतील. पोरीला जवळ घेतलं. व्हिडिओ फेसबुकवर गेला. आणि मला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही.

संध्याकाळी जमिलाचं ताट आलं. भरलेलं.

बुधवार, २० जून

आमचा व्हिडिओ साहेबांच्या माणसांनी आपल्या पानावर लावलाय. वर लिहिलंय, "पाहा, मॅगीकडून काय वदवून घेतलं जातंय. तिच्यासाठी प्रार्थना करा." खाली हजारोंनी जोडलेले हात. एका बाईने लिहिलंय, तिचे डोळे बघा, किती घाबरलेत.

रोशेल चिडून रडली. मी त्या बाईचं वाक्य पुन्हा वाचलं. डोळे घाबरलेले होते, हे तिला बरोबर दिसलं होतं. कशाला, ते तिला कळणं शक्य नव्हतं.

बुधवार, ७ नोव्हेंबर

साहेब निवडून आले.

त्यांनी विजयाचं भाषण केलं. रोशेलने मंगळूरहून लिंक पाठवली, सोबत उलटी करणारं पिवळं तोंड. साहेबांचे केस पांढरे झालेत, छान दिसतात. बायको शेजारी. गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. आता त्यात मालकाच्या हातात तलवारीची मूठ आली आहे. ऐकताना मला एक कळलं, त्यांचा आवाज खरोखरच भरून येत होता. त्यांना आता तेच आठवतं. ते नाटक करत असते तर मला एवढी घाण वाटली नसती.

रात्री जेवायला आम्ही तिघंच. एडवर्ड आणि मी कामापुरतं बोलतो. मुलासमोर बरं बोलतो. घर चालतं.

सॅव्हियो परवा बारा वर्षांचा होईल. शाळेत मुलांनी तो व्हिडिओ पाहिलाय, माझाही आणि साहेबांचाही. त्याला काय काय म्हणतात ते तो सांगत नाही. आज भात कालवता कालवता एकदम म्हणाला, "मम्मी, आय हॅव अ डाउट."

"मराठीत बोल."

तो शब्द शोधत राहिला. "जेव्हा त्या साहेबाने सांगितलं, बाळ नको... तेव्हा डॅडी कुठे होता?"

मी एडवर्डकडे पाहिलं. बारा वर्षांत माझ्याखेरीज पहिल्यांदाच त्याला कुणी हे विचारत होतं, आणि विचारणारा तोच होता ज्याला विचारायचा हक्क होता. मी थांबले. खरंच थांबले. वाटलं, आत्ता बोलेल.

"ड्युटीवर होतो बेटा," एडवर्ड म्हणाला. "मला काही माहीतच नव्हतं."

सॅव्हियोने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं. माझा व्हिडिओ त्याने पाहिलाय, मम्मी खरं बोलते हे त्याला माहीत आहे.

"हो," मी म्हटलं. "डॅडी ड्युटीवर होते."

त्याचा चेहरा निवळला. एडवर्डने मान खाली घातली आणि जेवायला लागला. साहेबांनी आपली गोष्ट एकट्याने रचली होती. ही आम्ही दोघांनी मिळून रचली, जेवता जेवता, शपथ न घेता.

सॅव्हियोने आणखी भात मागितला. मी वाढला.